मेकमध्ये स्क्रिप्टलाही डिपेंडन्सी धरा

मेक म्हणजे बदललेल्या फाईली बघून त्यांच्यावरून बनणाऱ्या फाईली पुन्हा बनवणारं टूल; त्याचे नियम मेकफाईलमध्ये असतात. शेल स्क्रिप्टने (कमांडींच्या फाईलने) तयार होणाऱ्या फाईलचा नियम तिथे लिहिताना कोलनपुढे, म्हणजे डिपेंडन्सीच्या (ती फाईल ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांच्या) यादीत, नुसती इनपुट फाईल देऊन भागत नाही, स्क्रिप्टचं नावही तिथे द्या. नाहीतर स्क्रिप्ट बदलली तरी मेक फक्त तिथे दिलेल्या फाईलींच्या बदलाच्या वेळा बघतं आणि जुनाच आउटपुट ठेवतं.

खरी गोची पुढे आहे. स्क्रिप्ट मध्येच फेल झाली तर अर्धवट फाईल तशीच राहते. तिची वेळ नवीन, म्हणून पुढच्या बिल्डला मेक तिला हातही लावत नाही. त्यामुळे स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ई' (set -e, एखादी कमांड फेल झाली की स्क्रिप्ट थांबवणारी) लावा, आउटपुट आधी तात्पुरत्या फाईलीत लिहा आणि शेवटी 'एमव्ही' (mv, फाईलचं नाव बदलणारी कमांड) वापरून खरं नाव द्या.

आणि हो, रेसिपीची (नियमाखालच्या कमांडींची) प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते. वरच्या ओळीतला 'सीडी' (cd, फोल्डर बदलणारी कमांड) खाली टिकत नाही; दोन्ही कमांड '&&'ने एकाच ओळीत जोडा.