खानदेशातील बागेत युफोर्बिया मार्जिनाटा

पांढऱ्या कडांच्या पानांमुळे दुरूनही उठून दिसणारे युफोर्बिया मार्जिनाटा हे मूळचे उत्तर अमेरिकेतील वर्षायू झाड एरंडाच्या कुळातले असून ऊन आणि हलकी जमीन सहज सोसते. जळगाव, धुळ्याच्या काळ्या जमिनीत मात्र पाणी साचू नये म्हणून मुरूम व वाळू मिसळून वाफा उंच करावा. सोटमूळ दुखावले की रोप रुसते, म्हणून जूनच्या पहिल्या पावसानंतर बी जागेवरच पेरून पुढे ३० सेंटीमीटरवर विरळणी करावी. खताची गरज जवळजवळ नसतेच.

खरी काळजी चिकाची घ्यावी लागते. शेराच्या झुडपाप्रमाणे याच्याही पांढऱ्या चिकाने कातडीची आग होते व फोड येतात, त्यामुळे छाटणी करताना रबरी हातमोजे आणि चष्मा वापरावा. डोळ्यात थेंब गेल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. गोठ्याजवळ किंवा मुले खेळतात त्या अंगणात हे झाड लावूच नये, असे माझे ठाम मत आहे. वाळल्यावरही त्याचे विष जात नाही, त्यामुळे उपटलेली झाडे कडब्यात मिसळू देऊ नयेत.

बोंडे पिकली की तडकून बी दूर फेकतात. ती हिरवी असतानाच शेंडे कापावेत, पुढच्या पावसाळ्यात उगवलेली रोपे लहानपणीच उपटावीत आणि शेताच्या बांधावर बी पडू देऊ नये. फुलदाणीसाठी कापलेल्या दांड्यांची टोके क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवली, की चीक थांबतो.