शेड्यूल केलेली पोस्ट वेळेवर पडत नाही? या चुका टाळा

वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, सकाळी ७ ची वेळ लावली की सातच्या ठोक्याला पोस्ट पडणार, असं धरून चालणारे लोक मला रोज भेटतात. पडली नाही की पहिला राग होस्टिंगवर, दुसरा वर्डप्रेसवर. सेटिंग्ज उघडून बघायचा कंटाळा सगळ्यांनाच.

आधी टाइमझोन बघा. लातूरकडच्या एका छोट्या न्यूज पोर्टलनं १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, १९४८ वर विशेष लेख ठेवला होता. ध्वजारोहणाला निघायच्या आधी लोकांनी वाचावा म्हणून संपादकांनी आदल्या रात्रीच सकाळी ७ ची वेळ लावली आणि निवांत झोपले. नऊ वाजता मला फोन. “दादा, लेख पडलाच न्हाई की वो! कामून झालं असंल?” टाइमझोन बघा म्हणालो. पण तेवढा दम कुणाला? होस्टिंगवाल्याशी भांडण झालं, यूट्यूब बघून दोन-तीन प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) टाकली गेली. दुपारी साडेबाराला लेख आपोआप पडला आणि सगळं श्रेय शेवटच्या प्लगइननं खाल्लं.

साइटचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. सातात साडेपाच मिळवा, झाले साडेबारा. त्यात लेखावर वेळ सकाळी ७ चीच दिसत होती, त्यामुळं पोर्टलच्या मालकाला वाटलं की संपादकच खोटं बोलतोय.

सेटिंग्जमध्ये जनरलमध्ये जा आणि टाइमझोनला कोलकाता निवडा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड तिथं शोधत बसू नका, अख्ख्या भारताला कोलकाताच आहे. टाइमझोन बदलला म्हणून आधी लावून ठेवलेल्या पोस्ट आपोआप सरकत नाहीत. त्या एकेक उघडून वेळ पुन्हा टाका. इथंच घाईवाले परत फसतात.

दुसरी चूक जरा खोल आहे. वर्डप्रेसचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळची कामं आपोआप करणारी सोय, हे खरं घड्याळ नाहीच. साइटवर कुणी आलं की ते जागं होतं, कुठलं काम वेळ टळून राहिलंय का ते बघतं आणि मग पोस्ट काढतं. आपल्याकडची काळी-पिवळी जीप जशी. वेळ काहीही सांगा, सीट आल्याशिवाय हलत नाही. पहाटे पाचला तुमच्या साइटवर कोण येणार? आणि कॅश प्लगइन असेल तर लोक येऊनही उपयोग नाही. त्यांना आधीच तयार पान मिळतं, वर्डप्रेसला पत्ताच लागत नाही.

यावर लोक ‘मिस्ड शेड्यूल’वालं, म्हणजे वेळ चुकलेल्या पोस्ट काढणारं प्लगइन टाकतात. मला हा शॉर्टकट अजिबात आवडत नाही. असली बरीच प्लगइनसुद्धा कुणीतरी साइट उघडल्यावरच तपासणी करतात, म्हणजे दुखणं तिथंच. माझी सवय अशी: सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, क्रॉन जॉब (सर्व्हरनं ठरल्या वेळी आपोआप करायचं काम) लावायचा, दर ५ मिनिटांनी साइटची डब्ल्यूपी-क्रॉन फाइल चालवायची. तो नीट चालतोय याची खात्री झाली की मगच कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन बंद करणारी ओळ टाकायची. क्रम उलटा करू नका. कुठल्यातरी व्हिडिओत बघून ती ओळ आधी टाकतात, साइट फास्ट झाली म्हणून खूश होतात आणि क्रॉन जॉब राहूनच जातो. मग पोस्टही नाही, आपोआप होणारे बॅकअपही नाहीत.

बाकीच्या किरकोळ. रात्रीचे १२ की दुपारचे, एएम-पीएम नीट बघा. साइटला सर्व्हरवरून पासवर्डचं कुलूप लावलं असेल तर वर्डप्रेसला स्वतःलाच हाक मारता येत नाही. टूल्समधलं साइट हेल्थ उघडा, तिथं लूपबॅकची तक्रार दिसेल. कॉन्ट्रिब्युटर म्हणून लॉगिन असलेल्याला पोस्ट शेड्यूल करता येत नाही, ती मंजुरीसाठी पडून राहते. आणि लाइट गेली म्हणून पोस्ट गेली नाही, हे कारण मला सांगू नका. पोस्ट सर्व्हरवर असते, तुमच्या लॅपटॉपात नाही.

क्रॉन जॉब लावल्यावर, पण कॉन्फिगमधली ती ओळ टाकायच्या आधी, तपासायचं असेल तर दहा मिनिटांनंतरची एक पोस्ट लावा, टॅब बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं साइटकडं फिरकू नका. दर मिनिटाला रिफ्रेश मारत बसलात तर तुमच्याच येण्यानं क्रॉन जागं होईल आणि काही कळणार नाही. नंतर डॅशबोर्डमध्ये पोस्टची यादी उघडा. मधे दुसरं कुणी साइटवर आलं नसेल आणि पहिल्याच नजरेत पोस्ट प्रकाशित दिसली तर क्रॉन जॉब चालतोय. आधी ‘मिस्ड शेड्यूल’ दिसलं आणि रिफ्रेश केल्यावर पोस्ट पडली, तर ती तुम्ही आलात म्हणून पडली. सीपॅनेलमध्ये परत जा आणि क्रॉन जॉबमधला साइटचा पत्ता अक्षर न अक्षर तपासा.