पाण्यात लेझर डॉप्लर: पट्ट्यांचं अंतर नको, जागा दुरुस्त करा

उद्यमबागेत पंपांच्या चाचण्या घेणाऱ्यांना आणि बेळगावातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना हे आवर्जून सांगतो. लेझर डॉप्लरमध्ये लेझरचे दोन किरण पाण्यात एकमेकांना छेदतात, तिथे उजेड-अंधाराचे पट्टे पडतात, आणि ते ओलांडणाऱ्या कणांच्या लुकलुकण्यावरून पाण्याचा वेग कळतो. तो मोजताना बरेच जण १.३३ हा पाण्याचा अपवर्तनांक धरून प्रकाशपट्ट्यांचं अंतर बदलतात. काच सपाट आणि लेझरच्या अक्षाला काटकोनात असेल, तर तसं करू नका. पाण्यात तरंगलांबी घटते, पण किरणांमधला कोनही त्याच हिशेबाने आवळतो. दोन्ही परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. मला यातलं हे सर्वांत सुंदर गणित वाटतं.

६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेझर, भिंगापाशी किरणांत ५० मिलिमीटर अंतर, भिंगाचं नाभीय अंतर २५० मिलिमीटर. पट्टे सुमारे ३.१८ मायक्रॉनवर पडतात, हवेत आणि पाण्यातही. सेकंदाला १ मीटर वेग म्हणजे साधारण ३१४ किलोहर्ट्झची लुकलुक.

बदलते ती मोजण्याची जागा. लेझरचा स्टँड १० मिलिमीटर पुढे सरकवला की पाण्यातला किरणांचा छेदबिंदू सुमारे १३ मिलिमीटर सरकतो. भिंतीजवळचा वेग चुकतो तो बहुधा इथेच, म्हणून वहीत दोन्ही आकडे लिहा.

नळी गोल असेल, तर तिच्याभोवती ॲक्रिलिकची चौकोनी पेटी बसवून पाण्याने भरा, वक्रतेचा बराच त्रास जातो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, तर आधी निवळू द्या. फारच नितळ असेल, तर दुधाचे दोन-चार थेंब टाका, कारण वेग खरं तर कणांचाच मोजला जातो. आणि लेझरचा चष्मा लावल्याशिवाय किरण जुळवायला बसू नका.