आद्य अँग्लो-सॅक्सन चांदीची नाणी: चित्र ओळखताना या चुका टाळा

‘शॅट’ नावाने ओळखली जाणारी ही इंग्लंडातली जुनी नाणी साधारण इ.स. ६८० ते ७५० या काळातली. व्यास जेमतेम १२ मिलिमीटर, वजन एक ग्रॅमच्या आसपास. मोबाइलवर झूम केली की ती ताटाएवढी दिसतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. छाप नीट मध्यावर न बसल्याने कडेला अर्धवट राहिलेली रेघ लोकांना गूढ चिन्ह वाटते. त्याच प्रकारची आणखी चार नाणी शेजारी ठेवून पाहिली, की गूढ तिथेच संपतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते ‘साळिंदर’, म्हणजे सिरीज ई (अभ्यासक नाण्यांच्या प्रकारांना अशी अक्षरं देतात). वाकलेली पाठ, त्यावर ताठ काटे. हा प्राणी कुठला, हे शोधत बसू नका. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो रोमन सम्राटाचा चेहरा आहे. नकलेची नक्कल होत गेली, नाक-डोळे रेघांत विरले आणि केसांचे व किरीटाचे काटे झाले. मागच्या बाजूचा ठिपक्यांचा चौकोन पाहा: तो रोमन सैन्याच्या निशाणावरून आलेला, कधीकाळी त्यात मजकूर होता. आपल्याकडे पश्चिम भारतातल्या मध्ययुगीन गधैया नाण्यांवर इराणच्या ससानी राजाच्या चेहऱ्याचं हेच झालं. ती हाताळलेल्या माणसाला साळिंदर लवकर उलगडतं.

शिवाय हे नाणं इंग्लंडात सापडलं म्हणून तिथेच पाडलं, असंही समजू नका. सिरीज ई मुख्यतः ऱ्हाइनच्या मुखाकडची, फ्रिसियन भागातली (आजच्या नेदरलँड्सचा किनारा). ऑक्सफर्डशरमधल्या ॲस्टन रोवंटला १९७१ मध्ये मिळालेल्या तीनशेहून अधिक नाण्यांच्या साठ्यातही समुद्रापलीकडची नाणी भरपूर होती.

नाव दिसलं की राजा शोधायचा, ही जुनी खोड. रून या जुन्या जर्मानिक लिपीतलं ‘पाडा’ वाचून पूर्वी मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा पेडा गृहीत धरला जाई. आता ते नाणं पाडणाऱ्याचं नाव मानतात. राजाचं नाव उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रिया राज्यात मिळतं, आल्डफ्रिथ किंवा इडबर्ट. बाकी बहुतेक नाणी याबाबतीत मुकी.

सिरीज एक्सवरच्या दाढीवाल्या चेहऱ्याला ‘वोडन’ (ख्रिस्तपूर्व जर्मानिक धर्मातला देव) हे नाव आधुनिक संग्राहकांनी दिलं, त्यावरून धर्म ठरवू नका. काही नाण्यांवरचा द्राक्षवेलीतला पक्षी मात्र ख्रिस्ती कलेत ओळखीचा आहे.

आणि नाणं काळपट-हिरवट दिसलं म्हणून लगेच बनावट म्हणू नका. ७१० नंतरच्या टप्प्यात चांदीतली भेसळ वाढत गेली होती.