बोलेरोचा मागचा अ‍ॅक्सल सरळ कसा बसवावा

घोडबंदर रोडचे खड्डे खाऊन गाडी सरळ जातानाही स्टिअरिंग तिरकं राहत असेल, तर पुढच्या अलाइनमेंटवर पैसे घालण्याआधी मागचा अ‍ॅक्सल मोजा. सपाट फरशी, चारही टायरांत योग्य हवा. दोन्ही बाजूंना ओळंबा सोडून पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या बोल्टपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. 3 मिमीहून जास्त फरक म्हणजे बहुधा सेंटर बोल्ट (पाट्याची पानं एकत्र धरून अ‍ॅक्सल जागेवर ठेवणारा) तुटलाय किंवा बुश (पाट्याच्या बोल्टभोवतीचं रबर) गेलंय. चॅसिस स्टँडवर, अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट काढा. नव्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात पूर्ण बसलंच पाहिजे. इथेच घाई नडते. यू-बोल्टही नवेच घाला, जुने ताणलेले असतात. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, शेवटचा टॉर्क (ठरलेल्या जोराची आवळणी) गाडी चाकांवर उभी करून. 500 किमीनंतर पुन्हा तपासा. तरीही मागचा टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकत असेल, तर बहुधा हाउसिंगच (अ‍ॅक्सलचं कवच) वाकलंय.