मोठा झालेला होजिअरीचा टॉप आल्टर करावा की नाही, हे कसे ठरवावे

होजिअरीच्या कापडाचा टॉप अंगात ढगळ होऊ लागला की तो किती मोठा आहे, याचाच विचार आधी होतो; खरे तर तो कुठे मोठा आहे, हे आधी पाहावे. दोन्ही कडांना मिळून चार इंच सैल असलेला टॉप तासाभरात अंगाबरोबर बसवता येतो, पण खांद्यांवर मिळून दोनच इंच जास्त असलेला टॉप कुशल टेलरच्या हातूनही नीट बसेल याची खात्री देता येत नाही. आल्टरचा निर्णय बहुतांशी या एका फरकावर ठरतो. पुढील विवेचनात टी-शर्टच्या जातीच्या सुती किंवा व्हिस्कोस-लायक्राच्या कापडाचे टॉप आणि कुर्ती गृहीत धरल्या आहेत. स्वेटरचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

टॉप नवा असेल आणि बदलून मिळण्याची मुदत शिल्लक असेल, तर लेबल न काढता घरातच घालून पाहावा आणि एक माप लहान मागवावा. आल्टर हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे, कारण कारखान्यात लहान मापाचा टॉप कापताना गळा, खांदा, मुंढा (बाही जोडण्यासाठी काखेभोवती कापलेला गोल) आणि बाही ही सगळी मापे एकमेकांच्या प्रमाणात कमी केलेली असतात, आणि तयार टॉपमध्ये हे प्रमाण नंतर साधणे अवघड असते.

टॉप ठेवायचाच असेल तर कात्री लावण्याआधी तो दोन-तीन वेळा नेहमीच्या पद्धतीने धुऊन वाळवावा. होजिअरीचे कापड विणताना आणि पुढच्या प्रक्रियांत लांबीच्या दिशेने ताणले जाते, आणि पाण्यात हा ताण सुटला की सुती कापड आटते, तेही रुंदीपेक्षा लांबीत अधिक. सव्वीस इंच लांबीचा टॉप पाच टक्के आटला तर सव्वा इंचाहून जास्त लांबी जाते. अशा टॉपची लांबी पहिल्याच दिवशी कापून घेतली, तर महिन्याभराने तो कमरेच्या वर चढलेला दिसतो. व्हिस्कोसच्या कापडाची तऱ्हा वेगळी असते. ते ओले असताना जड होते आणि दोरीवर खांद्यांनी टांगले तर स्वतःच्याच वजनाने खाली ओघळते. म्हणून असा टॉप आधी आडवा पसरून वाळवावा, मग एक दिवस हँगरला लावून ठेवावा आणि त्यानंतरच त्याची लांबी मोजावी.

मोठा टॉप मुद्दाम गरम पाण्यात घालून आटवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. माझ्या मते त्यावर विसंबू नये. कापड आटते ते मुख्यतः लांबीत, तर आपल्याला कमी करायची असते रुंदी. शिवाय शिवणीचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असल्याने तो कापडाबरोबर आटत नाही आणि शिवणीवर चुण्या पडतात.

धुऊन झालेला टॉप घालून आरशासमोर सरळ उभे राहावे आणि पहिल्यांदा खांदा पाहावा. खांद्यावरचे हाड जिथे संपते तिथे बोट ठेवावे, आणि बाहीची शिवण त्या बोटापासून किती खाली आली आहे ते मोजावे. अर्धा इंच खाली असेल तर होजिअरीत ते खपून जाते. एक इंच खाली असेल तर बाही उसवून, मुंढा नव्याने कापून, बाही पुन्हा चढवावी लागते. हे काम होते, पण बाहीचा वरचा गोल नव्या मुंढ्यात चपखल बसवणे हे कौशल्याचे काम आहे, आणि खांदा जेवढा कापला जातो तेवढी बाहीही वर सरकते, हे पूर्ण बाहीच्या टॉपमध्ये विसरून चालत नाही. दीड इंचाहून अधिक उतरलेला खांदा असेल, तर तो टॉप आल्टरच्या नादी न लागता तसाच वापरावा किंवा कोणाला तरी देऊन टाकावा. याला अपवाद मुद्दाम उतरत्या खांद्याच्या बेताचा. अशा टॉपचा मुंढा जवळजवळ सरळ असतो, बाही आखूड आणि रुंद असते, आणि दोन्ही खांदे सारखेच उतरलेले असतात. तिथे खांदा दुरुस्त करायला गेल्यास टॉपचा मूळ घाटच बिघडतो. रॅग्लन बाही, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण असलेली बाही असेल, तर खांद्याची शिवणच नसते आणि थोडा सैलपणा सहज सामावून जातो.

खांद्यानंतर गळा. गळ्याची पट्टी बहुधा रिब, म्हणजे उभ्या उंचवट्यांच्या, जास्त ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाची असते आणि गळ्याच्या घेरापेक्षा थोडी लहान कापून ताणून लावलेली असते, म्हणून ती मानेला चिकटून बसते. गळाच मोठा असेल, वाकल्यावर पुढून उघडा पडत असेल किंवा एका खांद्यावरून घसरत असेल, तर ती पट्टी उसवून खांद्याच्या शिवणी वर घेणे आणि त्याच रंगाची, त्याच जाडीची रिब शोधून पुन्हा लावणे एवढे सगळे करावे लागते. धुऊन फिकटलेल्या काळ्या टॉपला जुळेल अशी काळी रिब मिळणे किती कठीण आहे, हे ज्याने शोधली आहे त्यालाच ठाऊक. खांदा आणि गळा दोन्ही मोठे असतील तर माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

तिसरी जागा काखेची, आणि हीच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. मोठ्या मापाच्या टॉपचा मुंढा खोल असतो. कडा आत घेतल्या तरी ही खोली तशीच राहते. छाती-कमरेला टॉप चापून बसतो, पण हात वर केला की बाहीबरोबर सगळा टॉप वर ओढला जातो आणि पोट उघडे पडते. त्यामुळे टॉप घालून काख आणि मुंढ्याची खालची शिवण यांतले अंतर बोटांनी चाचपावे. दोन बोटे मावतील एवढे अंतर चालते. चार बोटे आरामात मावत असतील, तर फक्त कडा आत घेऊन भागणार नाही आणि मुंढा वर उचलायचा तर पुन्हा खांद्याचेच काम निघते.

खांदा, गळा आणि मुंढा या तिन्हींत टॉप पास झाला, की राहिलेले काम सोपे. आपल्याला नेमका बसणारा, शक्यतो त्याच जाडीच्या कापडाचा दुसरा टॉप घ्यावा. दोन्ही टॉप जमिनीवर किंवा पलंगावर सुरकुत्या काढून, पण न ताणता पसरावेत आणि मुंढ्याच्या एक इंच खाली आडवे मोजावे. समजा मोठा टॉप २१ इंच भरला आणि बसणारा १९ इंच, तर छातीच्या घेरात एकूण चार इंचांचा फरक आहे. पसरलेल्या टॉपवर तो फरक दोन इंचांचा दिसतो. म्हणजे प्रत्येक कडेला जुन्या शिवणीपासून एक इंच आत खूण करायची. इथे गोंधळ होऊन प्रत्येक कडेला दोन इंच आत खूण केली जाते आणि टॉप पार अंगात रुतणारा होतो, म्हणून हे गणित कागदावर मांडूनच पुढे जावे. कंबर आणि खालचा घेर यांचीही अशीच वेगळी मोजणी करावी, कारण तिन्ही ठिकाणी सारखेच आत घेतले की टॉप नळकांड्यासारखा दिसतो. कडेला सव्वा-दीड इंचाहून जास्त आत घ्यावे लागत असेल, तर खिसा, छापील चित्र आणि गळा यांच्या मानाने टॉप अरुंद दिसू लागतो. तिथे थांबणे बरे.

आता कापड उजेडात धरून नीट पाहावे. साध्या होजिअरीच्या सुलट बाजूला स्वेटरच्या विणीसारख्या बारीक उभ्या रांगा दिसतात आणि उलट बाजूला आडव्या कमानी दिसतात. नवी शिवण या उभ्या रांगांच्या धोरणाने आखायची असते. पुष्कळ स्वस्त टी-शर्टमध्ये धुतल्यावर कापडाला पीळ पडतो आणि कडेची शिवण खाली येता येता पोटाकडे किंवा पाठीकडे वळते. जुन्या शिवणीला समांतर नवी शिवण घातली तर तीही तिरकीच जाणार, आणि रांगांच्या धोरणाने घातली तर पुढचा-मागचा भाग कमीजास्त होणार. दोन इंचांहून जास्त पीळ पडलेल्या टॉपवर पैसे घालू नयेत. काही टी-शर्टचे कापड गोल मशीनवर नळीसारखे विणलेले असते आणि त्यांना कडेला शिवणच नसते. तिथे नवी शिवण घालता येते, पण तिचा कंगोरा कायम जाणवतो. आडव्या पट्ट्यांच्या टॉपमध्ये दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जुळवूनच टाचण्या लावाव्यात. शेवटी कडेच्या आतली माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेले जास्तीचे कापड, दोन्ही हातांनी आडवी ताणावी. टाके सुटून उभी शिडी पडू लागली, तर कापड जीर्ण झाले आहे किंवा मुळातच फार विरळ आहे, आणि त्यात सुई घालण्यात अर्थ नाही.

निर्णय होकारार्थी झाला तरी लगेच कापू नये. टॉप उलटा करून खडूने खुणा कराव्यात, बाहीच्या खालच्या शिवणीपासून काखेतून कडेपर्यंत रेघ सलग आणि गोलाईने उतरवावी, आणि त्या रेघेवर हातशिलाईचा लांब लांब धावदोरा घालावा. काखेत कोन आला तर नंतर तिथे चुणी पडते. मग टॉप सुलट करून घालावा. डोक्यातून घालताना आणि काढताना धावदोरा तुटला, तर टॉप गरजेपेक्षा घट्ट झाला आहे असे समजावे. खाली बसून, हात वर करून, पुढे वाकून पाहावे. पाठीवर आडव्या ओढी दिसल्या तर अर्धा इंच पुन्हा सोडावा. होजिअरीचा टॉप अंगावर तासभर राहिला की थोडा सैल होतो हे खरे असले, तरी त्या भरवशावर माप ठरवू नये. माया तर पहिली एक-दोन धुणी होईपर्यंत कापूच नये.

घरच्या मशीनवर शिवायचे असेल तर बॉलपॉइंट सुई घ्यावी. साधी टोकदार सुई धाग्यातच घुसून तो तोडते आणि काही दिवसांनी शिवणीलगत बारीक भोके दिसू लागतात. टी-शर्टसाठी ७५/११ क्रमांकाची सुई बहुतेक वेळा पुरते. साधी सरळ टीप ताण पडताच तुटते, म्हणून अगदी अरुंद झिगझॅग टीप घालावी, म्हणजे वरून ती जवळपास सरळच दिसते आणि कापडाबरोबर ताणलीही जाते. शिवताना कापड ओढू नये. ते मशीनला स्वतःच्या गतीने पुढे घेऊ द्यावे, नाही तर शिवण लाटांसारखी वरखाली होते. जी माया पुढे कापली जाणार आहे, तिच्यावरच आधी चार बोटे टीप घालून, ताणून पाहावी.

टेलरकडे द्यायचा असल्यास कपडा दाखवण्याआधी, होजिअरी शिवता का आणि शिवण घालता घालताच कड गुंफणारे चार दोऱ्यांचे ओव्हरलॉक मशीन आहे का, हे विचारावे. पिको-फॉलच्या दुकानांत ज्याला इंटरलॉक करणे म्हणतात, ते बहुधा तीन दोऱ्यांचे, कापडाची कड सुटू नये एवढ्यापुरते असते. नुसत्या त्यावर शिवणीचा भार टाकू नये. ब्लाउज उत्तम शिवणारे कित्येक टेलर होजिअरी हातात घेत नाहीत, आणि त्यांचा तो नकार मी प्रामाणिकपणाचा मानतो. धावदोरा घालून, अंगावर पाहून ठरवलेला टॉप त्यांच्या हाती दिला म्हणजे मापाचा वादही उरत नाही.

फक्त लांबी किंवा बाही कमी करायची असेल तर इतका खल करण्याची गरज नाही. मात्र खालची मूळ दुमड दोन समांतर टिपांची असते, आणि तशीच हवी असेल तर जोड सुई किंवा फ्लॅटलॉक मशीन लागते. दुमडीसाठी एक इंच जास्त सोडावा. खाली छापील किनार किंवा गोलाकार कट असेल, तर कापल्यावर काय उरणार हे आधी दुमडून, टाचण्या लावून पाहावे.

स्वेटरचे नियम वेगळे. हाताने विणलेला स्वेटर कापून लहान करू नये, कारण टाके सुटत जातात. तो उसवून, लोकर धुऊन पुन्हा विणणे हाच सरळ मार्ग आहे, आणि घरात विणणारे कोणी असेल तर तो फारसा कठीणही नाही. मशीनवरच्या स्वेटरच्या कडेची शिवण आतून पाहावी. कडा ओव्हरलॉक केलेल्या असतील तर तो थानातून कापून शिवलेला आहे आणि टी-शर्टप्रमाणे कडेने थोडा आत घेता येतो. कडा आपोआप पक्क्या दिसत असतील आणि मुंढ्याजवळ टाके घटवल्याच्या खुणा असतील, तर त्याचे भाग आकारातच विणून जोडले आहेत, आणि त्याला हात लावू नये. ॲक्रिलिकच्या स्वेटरला आकार यावा म्हणून गरम इस्त्रीने दाबू नये. त्याचा ताठपणा जाऊन तो कायमचा लुळा पडतो.

खर्चाचा हिशोब माझ्यापुरता असा आहे की, आल्टरची मजुरी टॉपच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त होत असेल, तर तो टॉप खास आवडीचा असल्याशिवाय करू नये. वजन कमी-जास्त होत असेल, बाळंतपण नुकतेच झाले असेल किंवा टॉप वाढत्या वयाच्या मुलीचा असेल, तर धावदोरा घालून तसाच काही दिवस वापरावा आणि पक्की शिवण पुढे ढकलावी. पक्की शिवण घातल्यावर पहिल्या धुण्यात टॉप उलटा करून धुवावा, वाळल्यावर शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहावी, आणि दुसऱ्या धुण्यानंतरही ती सरळ व शाबूत असेल, तर पाव इंच सोडून उरलेली माया कापून टाकावी.