सुरतेला खरेदीची बस काढताय? या चुका टाळा

गणपती उठले की नाशिक, धुळे, जळगाव, मुंबई, पुण्याकडची भिशी मंडळं आणि सोसायट्यांचे ग्रुप सुरतेची बस ठरवायला लागतात. दिवाळीच्या साड्या, पाठोपाठ तुळशीचं लग्न आणि घरातली लग्नं, म्हणजे यादी मोठी. अशा सहली फसतात त्या बहुतेक वेळा दुकानात फसत नाहीत. त्या आधीच, वार, गाडी आणि वेळ ठरवताना फसलेल्या असतात.

वार चुकला

सगळ्यात महागडी चूक हीच. बहुतेकांना सुट्टी रविवारची, म्हणून बस शनिवारी रात्री निघते आणि रविवारी पहाटे सुरतेत पोचते. रिंग रोडवरचे घाऊक कापड बाजार रविवारी बंद असतात. मग काय होतं? रिक्षावाला ‘फॅक्टरीचं दुकान’ दाखवतो, पंचेचाळीस बायका तिथे शिरतात आणि आपल्या गावच्या किरकोळ भावात, कधी त्याहून चढ्या भावात, साड्या घेऊन येतात. ग्राहक आणणाऱ्याचं कमिशन त्या भावातच धरलेलं असतं. शनिवार मोकळा करता येत असेल तर शुक्रवारी रात्री निघा. नाहीतर सगळ्यांनी मधल्या वारी एक रजा टाका. रविवारचा हट्ट असेल तर ही सहल काढूच नका.

दुसरी गल्लत दिवाळीच्या तारखांची. आपल्याकडे भाऊबीज झाली की लोक मोकळे होतात. सुरतेत पाडव्यापासून शटर खाली जातं आणि मुहूर्त लाभपंचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला होतो. त्या दिवशीही पूजा आणि वह्यांचं काम जास्त, माल दाखवायला माणसं कमी, कारण कारागीर आणि हमाल गावी गेलेले असतात. लग्नाची खरेदी असेल तर लाभपंचमीनंतर आठवडाभराने जा. दिवाळीची असेल तर दिवाळीच्या चार-पाच आठवडे आधी. घाऊक बाजारात दिवाळीचा माल आधीच बाहेरगावी रवाना होतो, शेवटच्या आठवड्यात उरतो तो निवडून टाकलेला. शिवाय तुमच्या शिंप्याने दिवाळीआधीचे ब्लाऊज घेणं कधी बंद केलंय, तेही एकदा विचारा.

गाडी कोणती, परवाना कोणता

बसचं भाडं ठरवताना ‘एसी आहे का, पुश-बॅक आहे का’ एवढंच विचारलं जातं. विचारायचं हे: या गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का? नुसता महाराष्ट्राचा परवाना असलेली गाडी गुजरातेत न्यायची तर त्या फेरीपुरता विशेष परवाना काढावा लागतो आणि गुजरातचा कर आधी भरावा लागतो. गुजरातने सीमेवरचे आरटीओ चेकपोस्ट २०१९ च्या नोव्हेंबरात बंद केले. तेव्हापासून ‘नाक्यावर पावती फाडू’ म्हणणाऱ्या मालकावर विश्वास ठेवू नका. नाका नाही म्हणजे तपासणी नाही, असं नव्हे. फिरतं पथक महामार्गावर कुठेही गाडी बाजूला घेतं, आणि दंड मालकाचा असला तरी खोळंबा तुमचा होतो.

गाडीचा नंबर आदल्या दिवशीच मागून एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. फिटनेस, विमा, परवाना, तिन्हींच्या मुदती तिथे दिसतात. प्रवाशांची यादी दोन प्रतींत छापा: नाव, वय, मोबाइल. एक चालकाकडे, एक तुमच्याकडे. करारावर घेतलेल्या बसने वाटेत सुटे प्रवासी घ्यायचे नसतात. चालकाने ‘दोनच माणसं आहेत, वापीला उतरतील’ म्हटलं तरी नाही म्हणा.

रात्रभर गाडी हाकून दिवसभर उन्हात झोपलेला चालक संध्याकाळी पुन्हा चाकावर बसतो. ती झोप झोप नसते. चालक दोन हवेत आणि ते भाडं ठरवतानाच लिहून घ्यायला हवं. रस्ताही आधी ठरवा. नाशिकहून वणी-सापुतारा-वघईचा रस्ता जवळचा, पण सापुताऱ्याचा घाट रात्री मोठ्या बसने उतरायचा नाही. धुळ्याकडून नवापूर-सोनगढ-बारडोली रस्ता सरळ वाटतो, तरी त्यात साक्री ओलांडल्यावर कोंडाईबारी घाट येतो. तिथेही अपघात झालेले आहेत. मुंबईहून महामार्ग क्रमांक ४८ आहे, घाट नाही, पण घोडबंदर ते मनोर पट्ट्यात दोन तास कुठे जातात ते कळत नाही. वेळापत्रकात ते धरा.

एक गोष्ट हसत हसत टाळली जाते म्हणून स्पष्ट सांगतो. गुजरातेत दारूबंदी आहे. मुंबईकडे परतताना दमणचा फाटा लागतो, तिथे दारूबंदी नाही. चालकाने, क्लिनरने किंवा सोबत आलेल्या एखाद्या काकांनी डिकीत एक बाटली ठेवली आणि तपासणीत सापडली, तर एकट्या बाटलीवाल्याला नाही, अख्ख्या बसला रात्र पोलीस ठाण्याच्या आवारात काढावी लागू शकते. निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर हे एकदा बोला.

पहाटे पोचून करायचं काय

गाडी पहाटे साडेचार-पाचला पोचते. बाजार साडेदहा-अकराला उघडतो. मधले सहा तास पंचेचाळीस जणींनी कुठे काढायचे याचा विचार कुणी केलेलाच नसतो. रेल्वे स्टेशनच्या आसपास लॉजमध्ये किंवा धर्मशाळेत चार खोल्या फक्त सकाळपुरत्या घ्या. एका खोलीमागे दहा-बारा जणी, म्हणजे आंघोळीला दीड तास. त्यापेक्षा उशिरा निघणं केव्हाही चांगलं. बस मुंबईहून रात्री दहाऐवजी दोनला सोडा, सगळ्या घरी थोडं झोपतील आणि चालकही.

शहरात खासगी बस कधी आणि कुठपर्यंत येऊ द्यायची हे सुरतेचे पोलीस ठरवतात, आणि दिवसा मोठ्या गाड्यांवर निर्बंध असतात. म्हणून ‘बाजाराच्या दारात सोडतो’ हे मालकाचं वाक्य तपासून घ्या. उतरायची आणि संध्याकाळी चढायची जागा आधी ठरवा, तिचं लोकेशन ग्रुपवर टाका, आणि तिथून बाजारापर्यंत रिक्षाचे पैसे हिशोबात धरा. सकाळी लोचो, खमण खुशाल खा. घारी ही सुरतेची मिठाई मात्र सकाळीच घेऊन ठेवू नका. मावा आणि तूप, वर तापलेली डिकी.

हा मॉल नाही

सहारा दरवाजापासून उधना दरवाजापर्यंत रिंग रोडला लागून इमारतीमागून इमारती कापडाच्या. मिलेनियम, राधाकृष्ण, सुरत टेक्स्टाइल मार्केट, पलीकडे उमरवाड्याला बॉम्बे मार्केट. एकेका इमारतीत शेकड्यांनी दुकानं, नंबर सारखे दिसणारे, लिफ्टला रांग. आवडलेलं दुकान परत सापडत नाही ही तक्रार दर सहलीत असते. उपाय सोपा: दुकानात शिरण्याआधी पाटीचा फोटो, त्यात मजला आणि दुकान क्रमांक आला पाहिजे. नुसतं नाव उपयोगाचं नाही, एकाच नावाची तीन दुकानं निघतात.

बहुतेक ठिकाणी माल सेटमध्येच मिळतो. एका कॅटलॉगच्या चार, सहा किंवा आठ साड्या, त्याच डिझाइनच्या, रंग वेगळे. सुटी साडी मागितली तर दुकानदार मान हलवतो, किंवा भाव चढवून देतो. इथेच ग्रुपचा खरा फायदा आहे आणि इथेच भांडणं होतात. समजा आठचा सेट घेतला, भाव ६५० रुपये. दुकानदार म्हणतो ‘साडेसहाशे प्लस’, म्हणजे जीएसटी वेगळा. साडीवर ५ टक्के. आठ साड्यांचे ५,२००, वर २६०, एकूण ५,४६०. प्रत्येकीला ६८२ रुपये ५० पैसे. मग आठही जणींना वाइन आणि मोरपंखी हवी असते आणि राखाडी, फिकट मेंदी कुणालाच नको असते. त्यामुळे पैसे देण्याआधी रंग वाटा. चिठ्ठ्या टाका, किंवा नको असलेल्या दोन साड्यांचा भाव शंभराने कमी धरून तो फरक बाकीच्यांवर पसरा. बसमध्ये हा वाद सुरू झाला तर बारडोलीपर्यंत पुरतो.

शिवलेल्या ड्रेसचा हिशोब वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नग अडीच हजारापर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला की १८ टक्के. अडीच हजारांच्या अलीकडे-पलीकडे घासाघीस करत असाल तर ही रेघ लक्षात ठेवा, शंभर रुपयांनी कराचा आकडा चारशेच्या वर सरकतो.

आता मालाबद्दल. सुरत हे प्रामुख्याने कृत्रिम धाग्याचं शहर आहे. डोला सिल्क, विचित्रा सिल्क ही कापडाच्या पोताची बाजारी नावं आहेत, रेशमाची हमी नव्हे. ‘पैठणी’ म्हणून जी सातशे-आठशेला मिळते ती यंत्रमागावरची जकार्डची साडी. दिसायला झकास, घ्यायला काही हरकत नाही, पण येवल्याच्या हातमागाची म्हणून मुलीच्या सासरी देऊ नका. उलटी बाजू बघा: यंत्रमागाच्या साडीत मोराच्या मागे सुटे, कापलेले धागे लोंबतात किंवा जाळी मारलेली असते, हातमागाच्या पैठणीत दोन्हीकडून नक्षी जवळपास सारखी दिसते. शंका असेल तर दुकानदाराला विचारून काठाच्या कडेचे दोन धागे काढून काडी लावा. रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि काळी, कडक गोळी होते. गोळी गरम असते, लगेच हात लावू नका.

प्रत्येक साडी नाही, पण महागाची प्रत्येक साडी उलगडूनच बघा. घडीत फक्त पदर आणि वरचा फेर दिसतो. टेप जवळ ठेवा: साडी साडेपाच मीटर आणि ब्लाऊजपीस ऐंशी सेंटिमीटर, मिळून सहा मीटर तीस. स्वस्त लॉटमध्ये साडी पाच-सव्वापाच निघते आणि निऱ्या कमी पडल्यावर घरी कळतं. पदराच्या आधी जोड आहे का, छपाई सरकली आहे का, काठाला धागा ओढला गेलाय का ते बघा. रंग दुकानाच्या पांढऱ्या एलईडीखाली ठरवू नका. साडी गॅलरीत, उजेडात नेऊन बघू दे म्हणा. बॉटल ग्रीन आणि काळपट निळा हे दोन रंग आत एकसारखे दिसतात.

पैसे आणि पावती

सगळ्यांचे पैसे एकीच्या फोनवर घेऊन तिने यूपीआय करायचं, ही पद्धत दुपारी दोनला बंद पडते. बहुतेक बँकांत दिवसाची मर्यादा एक लाखाच्या आसपास असते, आणि नवीन फोनवर नव्याने चालू केलेल्या यूपीआयला पहिले २४ तास त्याहून फारच कमी. तळघरातल्या दुकानात रेंजही नसते. तीन-चार जणींत पैसे विभागा, थोडी रोकड ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर पन्नास हजारांवरची रोकड जवळ बाळगताना बँकेतून काढल्याची पावती हवीच, नाहीतर भरारी पथक रक्कम ताब्यात घेतं.

बिल ज्याच्या त्याच्या नावाने घ्या. ‘बिनबिलाचं घ्या, पाच टक्के वाचतील’ या वाक्याला भुलू नका: सदोष माल बदलून घ्यायला हातात काहीच राहत नाही. ग्रुपमधली एखादी घरून साड्या विकत असेल तर तिचे गठ्ठे बसच्या डिकीत भरू नका. बस प्रवाशांची आहे. तिने माल ट्रान्सपोर्टला टाकावा, बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची माल घेतल्याची पावती) घ्यावी, आणि ५० हजारांवरच्या मालाचं ई-वे बिल विक्रेत्याकडूनच काढून घ्यावं. तिचा जीएसटी क्रमांक असेल तर तो बिल फाडण्याआधी सांगायचा, नंतर दुरुस्तीसाठी सुरतेला फोन करत बसावं लागतं.

डिकी

साधी साडी साधारण अर्धा किलो, कामाचा घागरा तीन ते पाच किलो. प्रत्येकीने पंधरा किलो आणले तर पंचेचाळीस जणींचे पावणेसातशे किलो होतात. टपावर काही बांधू देऊ नका. प्रत्येकीला दोनच नग, बारदानाच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर मार्करने नाव आणि सीट नंबर, दोन बाजूंना. ‘माझी पांढरी पिशवी’ असं सांगणाऱ्या निम्म्या निघतात. शेवटी उतरणाऱ्यांच्या पिशव्या आधी भरायच्या, म्हणजे त्या आत जातात. हे काम क्लिनरवर सोडू नका, यादी हातात घेऊन एकीने डिकीजवळ उभं राहायचं.

परतीची वेळ संध्याकाळी सहा सांगा, गाडी साडेसहाला हलेल. आठ सांगाल तर साडेनऊ. मोजणी माणसांची नाही, सीट नंबरची करा. ‘सगळे आले का?’ला मागून नेहमी ‘हो’ असंच उत्तर येतं. कुणी वेळेवर आलं नाही तर किती वेळ थांबायचं आणि त्यानंतर तिने रेल्वेने यायचं, हे निघतानाच ठरलेलं बरं. सुरतहून मुंबईकडे गाड्या भरपूर, नंदुरबार-जळगावकडे कमी.

घरी आल्यावर साडीत दोष निघाला तर धुऊ नका, फॉल-पिको लावू नका, टॅग काढू नका. दोषाचा आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. घाऊकवाले पैसे परत देत नाहीत, पण नग बदलून देतात, तोही बहुधा तो लॉट शिल्लक असेपर्यंतच. पाठवायचा खर्च तुमचा. सहाशेच्या साडीसाठी दोन्हीकडचं कुरिअर परवडतंय का, ते आधी बघा.